नामवंतांचा आजार जाहीर होतो तेव्हा तपासणी केंद्राच्या दारात काय घडतं

प्रश्न असा आहे: एखाद्या नटाने, खेळाडूने किंवा पुढाऱ्याने आपला आजार जाहीर केला, तर त्या आजाराकडे बघायची लोकांची नजर खरंच बदलते का? बदलली तर ते किती दिवस टिकतं? आणि तालुक्याच्या गावी तपासणी शिबिरं घेणाऱ्या मंडळाने त्या दिवसांत नेमकं काय करावं?

लोक येतात, यात शंका नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तर लोंढा येतो. पण त्या लोंढ्यात कोण असतं, हे आजारापेक्षा जास्त त्या व्यक्तीच्या वयावर आणि तिने वापरलेल्या शब्दांवर ठरतं. ज्यांना तपासणीची खरी गरज आहे ते पुष्कळदा घरीच राहतात, आणि ज्यांना फारशी गरज नाही ते घाबरून रांगेत उभे राहतात. म्हणून आधी दारात चाळणी हवी. पत्रकं आणि भाषणं त्यानंतर.

लोंढा किती मोठा असतो याची मोजदाद झालेली आहे. अमेरिकेतल्या दूरचित्रवाणी निवेदिका केटी कुरिक यांचे पती १९९८ मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने वयाच्या ४२ व्या वर्षी गेले. मार्च २००० मध्ये कुरिक यांनी स्वतःची कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने होणारी मोठ्या आतड्याची तपासणी, पडद्यावर दाखवली. त्याआधी एक डॉक्टर महिन्याला सरासरी १५ कोलोनोस्कोपी करत होता, त्यानंतर हा आकडा १८ च्या वर गेला आणि वाढ जवळपास नऊ महिने टिकली. इतकं टिकणं विरळाच. कारणही उघड आहे: कुरिक यांनी तपासणी कशी होते हे दाखवलं, टेबलावर झोपण्यापासून उठून बसेपर्यंत. 'मला हा आजार झाला' हे सांगणं आणि 'ही तपासणी अशी होते, मी केली, मला काही झालं नाही' हे दाखवणं, यांत फार अंतर आहे.

इंग्लंडमधल्या टीव्ही रिअॅलिटी शोमुळे प्रसिद्ध झालेल्या जेड गुडीचं उदाहरण आपल्या मातीशी जोडलेलं आहे. ऑगस्ट २००८ मध्ये ती 'बिग बॉस'च्या दुसऱ्या पर्वासाठी लोणावळ्यात होती. गर्भाशयमुखाचा कॅन्सर असल्याचं तिला तिथेच कळलं आणि ती मायदेशी परतली. २२ मार्च २००९ रोजी ती गेली, अवघ्या २७ व्या वर्षी. तिचा आजार रोज वर्तमानपत्रांत होता. २००८ च्या मध्यापासून २००९ च्या मध्यापर्यंत इंग्लंडमध्ये सुमारे पाच लाख जादा स्त्रिया गर्भाशयमुखाच्या तपासणीला आल्या. ती गेली त्या मार्च महिन्यात हजेरी अपेक्षेपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त होती. पुढे हा भर ओसरला.

तिच्या वयामुळे आणखी एक गोष्ट झाली. इंग्लंडमध्ये ही तपासणी २५ व्या वर्षी सुरू होते. ती २० व्या वर्षी सुरू करा, अशी जोरदार मागणी उठली. तज्ज्ञ समितीने पुन्हा विचार केला आणि २५ हेच वय कायम ठेवलं. विशीच्या सुरुवातीला एचपीव्ही या, हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूमुळे पेशींत होणारे बदल बहुतेक वेळा आपोआप निवळतात. त्यांच्यावर उपचार करत बसलं तर पुढच्या बाळंतपणात मुदतीआधी प्रसूती होण्याचा धोका वाढतो. एका तरुण मुलीचा चेहरा डोळ्यांसमोर असताना हा निर्णय लोकांना निष्ठुर वाटला असेल, पण तो बरोबर होता.

वयाचा हा परिणाम सगळ्यात स्पष्ट दिसला तो ऑस्ट्रेलियात. गायिका कायली मिनोग हिने मे २००५ मध्ये स्तनाचा कॅन्सर जाहीर केला, तेव्हा ती ३६ वर्षांची होती. त्या बातमीच्या दोन आठवड्यांत मॅमोग्राफीच्या (स्तनांच्या एक्स-रेच्या) नोंदणीत ४० टक्के वाढ झाली आणि आधी कधीच तपासणी न केलेल्या, योग्य वयाच्या स्त्रियांची नोंदणी दुपटीवर गेली. इथवर चांगलंच झालं. पण पंचविशी ते चाळिशीतल्या, धोका कमी असलेल्या तरुणीही मोठ्या संख्येने तपासायला गेल्या. त्यांच्या तपासण्या वाढल्या, सापडणारे कॅन्सर मात्र त्या प्रमाणात वाढले नाहीत. तिशीच्या आत स्तन दाट असतात आणि मॅमोग्राफीत दाट ऊती आणि गाठ दोन्ही पांढरंच दिसतं, म्हणून त्या वयात गाठ लागली तर आधी सोनोग्राफी करतात. तक्रार काहीच नसेल तर मॅमोग्राफीची गरज नाही. 'कशाला विषाची परीक्षा, काढून टाकू एकदा मॅमोग्राफी' हा विचार इथे उलटा पडतो. एक संशयास्पद छाया दिसते, मग सुईची तपासणी, मग पंधरा दिवस झोप नाही, आणि शेवटी निष्पन्न काहीच नाही.

अँजेलिना जोलीवर थोडं थांबतो, कारण तिच्या नावाने आजही चुकीचे सल्ले फिरतात. १४ मे २०१३ रोजी तिने वर्तमानपत्रात लेख लिहून सांगितलं, की तिच्यात बीआरसीए-१ या जनुकातला दोष आहे, स्तनाच्या कॅन्सरचा धोका ८७ टक्के आणि बीजांडकोशाच्या कॅन्सरचा ५० टक्के असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि म्हणून तिने दोन्ही स्तन काढून टाकले. तिची आई ५६ व्या वर्षी कॅन्सरने गेली होती. पुढे २०१५ मध्ये तिने बीजांडकोश आणि बीजवाहिन्याही काढल्या. लेखानंतरच्या पंधरा कामकाजी दिवसांत अमेरिकेत या जनुकांच्या चाचण्या ६४ टक्क्यांनी वाढल्या. ब्रिटनमध्ये जून-जुलै २०१३ मध्ये जनुकीय सल्ल्यासाठी येणाऱ्यांची संख्या जवळपास अडीच पट झाली. अमेरिकेतल्या सुमारे अडीच हजार लोकांना विचारलं, तर ७४ टक्क्यांना तिची हकिकत ठाऊक होती. पण असा दोष नसलेल्या स्त्रीपेक्षा तिचा धोका किती वेगळा होता, हे समजण्याइतकी माहिती दहा टक्क्यांहूनही कमी लोकांकडे होती.

ही दरी भरण्याचं काम स्थानिक माणसाचं आहे. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांपैकी साधारण पाच ते दहा जणींमध्येच तो आनुवंशिक दोषामुळे येतो. भारतातल्या सर्वसाधारण स्त्रीचा आयुष्यभराचा धोका तीन-चार टक्क्यांच्या आसपास आहे. ८७ हा आकडा जोलीचा, शेजारच्या काकूंचा नव्हे. जनुकाची चाचणी कोणी करायची याचे निकष ठरलेले आहेत: घरात कोणाला पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर झाला असेल, कोणत्याही वयात बीजांडकोशाचा झाला असेल, पुरुषाला स्तनाचा कॅन्सर झाला असेल, किंवा एकाच बाजूच्या दोन-तीन नातेवाइकांना हे आजार झाले असतील. 'एकाच बाजूच्या' म्हणताना वडिलांची बाजू तितकीच मोजायची. आपल्याकडे 'आईकडे कोणाला आहे का?' एवढंच विचारलं जातं आणि आत्या, आजी, चुलत बहिणी सुटून जातात. हा दोष बापाकडून मुलीला तसाच येतो, जसा आईकडून. आणखी एक: घरात जिला आजार झाला आहे तिची चाचणी आधी करायची. निरोगी मुलीची आधी केली आणि 'दोष नाही' असं आलं, तरी घरातल्या आजाराचं कारण दुसरं काही असू शकतं, त्यामुळे त्या उत्तराला फारसा अर्थ उरत नाही. कधी अहवालात 'अर्थ अनिश्चित असलेला बदल' असं येतं. तेवढ्यावरून शस्त्रक्रिया ठरवायची नसते. हे सगळं समजावून सांगणारा जनुकीय समुपदेशक गाठल्याशिवाय घरी येऊन रक्त घेणाऱ्या लॅबला नमुना देऊ नये.

जाहीर केलेल्या आजाराचा परिणाम उपचारांच्या निवडीवरही होतो, आणि तो जास्त गंभीर आहे. ऑक्टोबर १९८७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी नॅन्सी रेगन यांनी स्तन पूर्ण काढण्याची शस्त्रक्रिया निवडली. त्याच दशकात मोठ्या अभ्यासांनी दाखवून दिलं होतं, की लवकर सापडलेल्या गाठीत फक्त गाठ काढून किरणोपचार दिले तरी बाई तितकीच जगते. तरीही पुढच्या काही महिन्यांत स्तन वाचवणारी शस्त्रक्रिया निवडणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी खाली आलं. नॅन्सी रेगन यांनी कोणालाही सल्ला दिला नव्हता. त्यांनी आपल्यापुरतं ठरवलं, आणि तो त्यांचा हक्कच होता. पण 'त्यांना जगातले उत्तम डॉक्टर मिळाले, म्हणजे त्यांनी केलं ते उत्तम' हे गणित लोक मनातल्या मनात मांडतात. आपल्याकडे त्याचं रूप म्हणजे न्यूयॉर्क. मनीषा कोईराला, सोनाली बेंद्रे यांचे उपचार तिकडे झाले, युवराज सिंगचे बोस्टन आणि इंडियानापोलिसला. त्यावरून 'खरा इलाज तिकडेच आहे, आपल्याला कुठला परवडणार' असं बोललं जातं आणि माणूस परळच्या टाटा रुग्णालयाचीही पायरी चढत नाही. युवराजला दिलेली केमोथेरपीची औषधं भारतात सरसकट वापरली जातात. हे वाक्य पत्रकात ठळक अक्षरांत हवं.

युवराजच्या बाबतीत एक चूक पुन्हा पुन्हा होते. २०१२ मध्ये सुरुवातीला त्याचा आजार फुफ्फुसाचा म्हणून छापून आला. प्रत्यक्षात गाठ दोन फुफ्फुसांच्या मधल्या जागेत होती आणि ती सेमिनोमा जातीची होती, म्हणजे अंडकोषात होणाऱ्या गाठींच्या कुळातली. या कुळातल्या गाठी औषधांना फार चांगली दाद देतात. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो पुन्हा भारतासाठी खेळलाही. आता एखाद्या घरात फुफ्फुसाचा कॅन्सर पुढच्या टप्प्यात सापडला आणि कोणी म्हणालं 'युवराज बघा, सहा महिन्यांत मैदानात', तर त्या घराला दोनदा धक्का बसतो: एकदा आजाराचा आणि एकदा न जुळलेल्या आशेचा. 'कॅन्सर' हे एका आजाराचं नाव नाही, हे लोकांना सांगायला युवराजसारखं उदाहरण दुसरं नाही, पण गाठीची जात सांगितली तरच.

शब्दांचं महत्त्व मॅजिक जॉन्सनने ओळखलं होतं. ७ नोव्हेंबर १९९१ रोजी या बास्केटबॉलपटूने पत्रकारांसमोर पहिल्याच मिनिटात सांगितलं, की आपल्याला एचआयव्हीचा संसर्ग आहे, एड्स झालेला नाही, आणि पत्नीची चाचणी निगेटिव्ह आहे. विषाणू आणि आजार यांतला फरक तोवर पुस्तकात होता, तो घरोघरी पोचला. इरफान खानने मार्च २०१८ मध्ये आधी फक्त 'दुर्मिळ आजार' एवढंच कळवलं होतं. दहा-बारा दिवस अफवा पिकल्या, मेंदूचा कॅन्सर म्हणून बातम्या झाल्या. मग त्याने न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींतली गाठ) हे नाव दिलं आणि 'न्यूरो' म्हणजे दर वेळी मेंदू नव्हे, हेही स्वतःच लिहिलं. गोव्यात तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर फेब्रुवारी २०१८ मध्ये आजारी पडले. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, हे सरकारकडून उघडपणे सांगितलं गेलं ते ऑक्टोबरअखेर. मधले आठ महिने गोमंतकीय माणूस फोटोतली नाकातली नळी पाहून तर्क करत राहिला. त्यांनी किती सांगावं हा त्यांचा प्रश्न होता. पण स्वादुपिंडाच्या कॅन्सरची लक्षणं काय, कोणत्या पोटदुखीकडे आणि कोणत्या काविळीकडे दुर्लक्ष करू नये, हे गोव्याच्या प्रत्येक घरात सांगण्याची संधी त्या आठ महिन्यांत हातची गेली.

आपल्या वर्तमानपत्रांची भाषाही इथे तपासावी लागेल. 'कर्करोगाशी झुंज अखेर अपयशी', 'कर्करोगावर यशस्वी मात', 'प्रदीर्घ आजाराने निधन'. पहिल्या दोन मथळ्यांत आजार म्हणजे कुस्ती. जो जगला त्याने जिद्द दाखवली, जो गेला तो कमी पडला. केमोच्या खुर्चीवर बसलेल्या बाईला हे वाचून काय वाटत असेल? जगणं-मरणं गाठीच्या जातीवर, ती कधी सापडली यावर आणि उपचार पूर्ण झाले का यावर ठरतं. तिसरा मथळा तर नावच घेत नाही. गावात अजूनही 'त्यांना तो आजार आहे' असं हलक्या आवाजात म्हणतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये युवराजच्याच संस्थेच्या दिल्ली मेट्रोतल्या जाहिरातीत स्तनांना 'संत्री' म्हटलं होतं आणि टीका झाल्यावर ती काढावी लागली. पत्रकात 'स्तन', 'काख', 'निपल', 'अंगावरून पांढरं जाणं' हे शब्द सरळ लिहावेत. ज्या बाईला आपल्या अवयवाचं नाव कोणी उच्चारलेलं ऐकू येत नाही, ती डॉक्टरसमोरही 'इथे जरा दुखतं' एवढंच म्हणते.

लाज आणि भीती कमी होण्याच्या दृष्टीने आपल्याकडची दोन उदाहरणं मला सगळ्यात मोलाची वाटतात. अमिताभ बच्चन यांनी डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई महापालिकेच्या क्षयरोग मोहिमेच्या वेळी सांगितलं, की २००० साली आपल्याला मणक्याचा टीबी झाला होता आणि औषधं घेऊन तो बरा झाला. टीबी म्हणजे गरिबीचा, घाणीचा आजार, मुलीला झाला तर लग्न मोडणार, ही समजूत ज्या घरात आहे तिथे हे नाव उपयोगी पडतं. ते वापरताना पुढचं वाक्य जोडायला विसरू नये: दोन महिन्यांत खोकला-ताप थांबतो, वजन वाढतं, तेव्हाच माणूस गोळ्या सोडतो आणि तिथेच औषधांना न जुमानणाऱ्या टीबीची सुरुवात होते. दुसरं उदाहरण दीपिका पदुकोणचं. २०१५ मध्ये तिने नैराश्याबद्दल बोलताना पोटात पोकळी असल्यासारखं वाटणं, विनाकारण रडू येणं हे सांगितलं, आईच्या ते लक्षात आलं हे सांगितलं, समुपदेशन आणि औषधं दोन्ही घेतल्याचं सांगितलं. 'मूड ऑफ' आणि नैराश्य यांतला फरक व्याख्यानांनी जेवढा समजला नसता तेवढा त्या एका मुलाखतीने समजला. तिच्याबद्दल बोलताना १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेचा, मोफत क्रमांक फळ्यावर लिहिलेला असावा.

आता सगळ्यात जास्त नुकसान करणारा प्रकार. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्रकार परिषद घेतली. पत्नीचा चौथ्या टप्प्यातला स्तनाचा कॅन्सर साखर आणि दूध बंद करून, हळद, कडुनिंब, लिंबूपाणी आणि जेवणांमध्ये मोठं अंतर ठेवून चाळीस दिवसांत बरा झाला, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या पत्नीची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीही झाली होती, पण लोकांच्या लक्षात राहिली ती हळद. दोन दिवसांत टाटा रुग्णालयाच्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांनी सहीचं निवेदन काढलं, की याला भक्कम पुरावा नाही, उपचार लांबवू नका. इतक्या वेगाने आणि इतक्या सह्यांनी उत्तर दिलं गेलं, हे योग्यच झालं.

अशा आहाराने नेमकं बिघडतं काय, हे नातेवाइकांना आकड्यांत सांगावं. केमोचा डोस उंची आणि वजनावरून काढतात. रुग्णाला दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. पन्नास किलोच्या बाईला साधारण ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६-७, वाटीभर वरणात तेवढीच. दूध, दही, पनीर, भाकरी, भात बंद केला तर साठचा आकडा गाठायचा कशातून? दोन-तीन आठवड्यांत वजन उतरतं, अशक्तपणा वाढतो, पांढऱ्या पेशी सावरायला वेळ लागतो, पुढची केमो आठवडाभर पुढे जाते, मग आणखी एक आठवडा. वेळापत्रक मोडलं की उपचाराचा जोर जातो. पांढऱ्या पेशी कमी असताना कच्चा, नीट न धुतलेला पाला चघळणं म्हणजे संसर्गाला आमंत्रण. भाजीत चमचाभर हळद असायला कोणाचीच हरकत नाही, पण हळदीच्या अर्काच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगायलाच हव्यात.

खोट्या बातमीचंही एक उदाहरण आहे. अभिनेत्री पूनम पांडे हिने २ फेब्रुवारी २०२४ रोजी स्वतःच्या मृत्यूची बातमी पसरवली, कारण दिलं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं, आणि दुसऱ्या दिवशी जनजागृतीसाठी केलं म्हणाली. आदल्याच दिवशी अर्थसंकल्पात ९ ते १४ वर्षांच्या मुलींच्या, याच कॅन्सरविरुद्धच्या लसीकरणाचा उल्लेख झाला होता आणि पुण्याच्या सीरमची देशी लस बाजारात आलेली होती. बोलायला एवढा ऐवज असताना सगळी चर्चा एका व्यक्तीवर गेली. असं झालं की पुढची खरी बातमीही लोक संशयाने वाचतात.

आता कामाचं. बातमी आली की पहिल्या ४८ तासांत तीन गोष्टी करायच्या. एक, आजाराचं नेमकं नाव त्या व्यक्तीच्या स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या निवेदनातूनच घ्यायचं. टप्पा, किती दिवस उरले, कशामुळे झालं, यावर अंदाज करायचा नाही. दोन, अर्ध्या पानाचा मजकूर तयार करायचा. तीन, जिथे लोकांना पाठवणार तिथे फोन करून वार, वेळ, खर्च आणि लागणारी कागदपत्रं विचारून घ्यायची. तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. लोक जातात, दार बंद असतं, परत येतात आणि पुन्हा जात नाहीत.

स्तनाच्या कॅन्सरची बातमी असेल तर मजकूर साधारण असा असावा:

'बातमी वाचून काळजी वाटली असेल तर आधी हे वाचा. स्तनात किंवा काखेत गाठ लागते, निपल आत ओढलं गेलं, त्यातून रक्त येतं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली, यांतलं काहीही असेल तर वय कितीही असो, या आठवड्यात दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका, कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. तक्रार नसेल आणि वय ३० च्या पुढे असेल तर सरकारी आरोग्य केंद्रात हाताने तपासणी करून घ्या, ती मोफत आहे. तक्रार नसेल आणि वय ३० च्या आत असेल तर आत्ता कुठल्याही तपासणीची गरज नाही. घरात, आईकडे किंवा वडिलांकडे, कोणाला लहान वयात स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कॅन्सर झाला असेल तर आम्हाला येऊन भेटा.'

बस. त्या व्यक्तीचा फोटो नको, तिच्या उपचारांची चर्चा नको. हाताने केलेल्या तपासणीला लोक कमी लेखतात, म्हणून सांगावं: मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाखाहून जास्त स्त्रियांवर टाटा रुग्णालयाने वीस वर्षं केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली तर पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटलेले दिसले.

दारात बसणाऱ्या सेविकेने तीन प्रश्न विचारायचे: वय किती, काही त्रास होतोय का, घरात कोणाला होता का. त्रास असलेल्या स्त्रिया त्याच दिवशी डॉक्टरांकडे. तिशीपुढच्या, त्रास नसलेल्या, तपासणीच्या रांगेत. बाकीच्यांशी पाच मिनिटं नीट बोलून, पत्रक देऊन घरी. 'काही नाही, जा' म्हणून वाटेला लावायचं नाही, तिची भीती खरी असते. संख्या झेपेल एवढीच बोलवा. एका बाईला पंधरा मिनिटं धरली तर चार तासांत एक प्रशिक्षित सेविका सोळा जणींना तपासू शकते. दोनशेंना बोलावलं तर तपासणी उरकली जाते, होत नाही. गर्भाशयमुखाची तपासणी असेल तर पाळीच्या दिवसांत येऊ नका हे आधीच कळवा. या तपासणीत गर्भाशयमुखाला अॅसेटिक अॅसिडचं पाच टक्क्यांचं द्रावण लावल्यावर पूर्ण एक मिनिट थांबून मगच पाहायचं असतं, आणि घाईत नेमकं ते मिनिटच खाल्लं जातं.

याच काळात लॅबवाल्यांची 'कॅन्सर पॅकेज' निघतात. रक्तातल्या सीए-१२५, सीईए वगैरे कॅन्सरच्या खुणा मोजणाऱ्या चाचण्यांवर त्रास नसलेल्या माणसाने पैसे घालवू नयेत. सीए-१२५ पाळीत वाढतं, एन्डोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढणं), फायब्रॉइडमध्ये (गर्भाशयातली साधी गाठ) वाढतं आणि पोटाच्या टीबीतही खूप वाढतं. एवढ्या आकड्यावरून घाबरून पोट उघडण्यापर्यंत गोष्टी जाऊ शकतात. उलट, तोंडाच्या कॅन्सरसाठी काहीच यंत्र लागत नाही. शरद पवार यांनी २००४ मधल्या आपल्या तोंडाच्या कॅन्सरबद्दल आणि सुपारीच्या सवयीबद्दल जाहीरपणे सांगितलं आहे. २०१५ मध्ये आर. आर. पाटील या आजाराने गेले. महाराष्ट्रात या विषयावर बोलताना ही दोन नावं पुरतात. पुढे बॅटरीचा उजेड, आणि तीन गोष्टी: तोंड उघडल्यावर तीन बोटं उभी जातात का, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, तीन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का. नुसती सुपारीही, तंबाखूशिवाय, कॅन्सर करते हे आवर्जून सांगा. बडीशेपेबरोबर ती निरुपद्रवी समजली जाते.

एक पथ्य. मोठ्या माणसाने सांगितलं म्हणून गावातल्या कोणी सांगावं, असा आग्रह धरायचा नाही. टेनिसपटू आर्थर अॅश यांना रक्त चढवल्यामुळे एचआयव्ही झाला होता. वर्तमानपत्र बातमी छापणार असं कळल्यावर एप्रिल १९९२ मध्ये त्यांना ते नाइलाजाने जाहीर करावं लागलं. नामवंतांच्या मागे पैसा, वकील, चाहते असतात. तालुक्यातल्या शिक्षिकेमागे फक्त शेजारी असतात. व्यासपीठावर बोलायला कोणी आपणहून तयार झालंच तर घरच्यांची संमती, मुलांचं वय आणि फोटो-चित्रफीत कुठे जाणार हे आधी बोलून घ्या, आणि आदल्या दिवसापर्यंत नाही म्हणायची मुभा ठेवा.

नोंदवहीत सहा रकाने पुरतात: तारीख, वय, आधी कधी तपासणी झाली होती का, त्रास, कुठून कळलं, आणि पुढे पाठवलं असेल तर पोचली की नाही. तिसऱ्या रकान्यात 'कधीच नाही' किती जणी आहेत, यावरून त्या बातमीचा खरा उपयोग कळतो. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहा, म्हणजे सणासुदीचा आणि पेरणीचा फरक धरला जाईल. शेवटचा रकाना पहिल्या दिवशी रिकामाच असतो. तो भरायला पंधराव्या दिवशी आणि चाळिसाव्या दिवशी फोन करायचा. लोंढा तोवर ओसरलेला असतो, म्हणून हे दोन दिवस आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवा. पाठवलेली बाई पोचली नसेल तर कारण विचारा. बहुतेक वेळा ते भीती नसतं. सोबत यायला कोणी नव्हतं, मजुरी बुडत होती, किंवा केंद्रात त्या दिवशी बाई डॉक्टर नव्हत्या, असं काहीतरी असतं. पुढच्या खेपेला गाडी आणि सोबतीण ठरवूनच तारीख द्या.